पोटातला बिऱ्हाडकरू

बसवाल्याच्या पोटात तो जीव समुद्रात पोहताना शिरला, असं मी मामींना सांगितलं तेव्हा त्या तूरडाळ निवडत होत्या. ताटातलं बोट थांबलं.

"मग तो डॉक्टराकडे कां गेला नाही?"

"गेला ना. पुढच्याच पानावर जातो."

"मग वाच की. थांबलीस कशाला?"

असं आमचं वाचन सुरू झालं. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. पुण्यात जपानीच्या परीक्षा देऊन मी चेन्नईला दुभाषी म्हणून आले होते. शहराबाहेर मोटारींचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. तिथे जपानी साहेब होते, तमिळ कामगार होते आणि मधे मी. मला तमिळ येत नव्हतं. मी जपानीचं इंग्रजी करायचे, सुपरवायझर त्या इंग्रजीचं तमिळ करायचा. साहेबांचा राग कामगारांपर्यंत पोचेस्तोवर निम्मा निवळलेला असे, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

राहायला मैलापूरमध्ये मामींकडे होते. मामी तंजावरकडच्या मराठी. त्यांची माणसं तिकडे कधी आली हे विचारलं तर "राजाबरोबर आलों" एवढंच सांगायच्या, जणू परवाच सामान उतरवलंय. त्यांचं मराठी ऐकताना पहिला आठवडा मला कुणी पोथी वाचतंय असं वाटलं, आणि माझं ऐकून त्यांना बातम्या. यजमान वारून पाच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी टी. नगरला राहायची, बँकेत होती, दर रविवारी यायची. तिला मी अक्का म्हणायचे. आई एकटी नको म्हणून घरात कुणी मुलगी ठेवायची कल्पना अक्काची. मामींनी तीन महिन्यांसाठी कबूल केलं होतं. चौथ्या महिन्यात त्यांनी माझ्यासाठी वेगळा तांब्या आणला, आणि तीन महिन्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

घरात सोवळं कडक. आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, कांदा तर उंबऱ्याच्या आतच नाही. भाताची पहिली मूठ कठड्यावर कावळ्यासाठी ठेवायची, आणि तो येऊन चोच लावेपर्यंत कुणी जेवायचं नाही. रविवारी कावळा उशीर करायचा. मी भुकेनं कळवळत खिडकीशी उभी, आणि मामी शांतपणे "येईल गे, त्याला पण कामं असतात" म्हणायच्या.

पुस्तकं कारखान्यातल्या आमच्या मोठ्या साहेबांची. ते सत्तावन्न वर्षांचे, गेस्ट हाउसमध्ये एकटे राहायचे. त्यांची बायको जपानहून लोणची आणि चित्रकथांची जाडजूड पुस्तकं पाठवायची. तुमची भाषा फार पाठ्यपुस्तकी आहे, माणसं कशी बोलतात ते यात वाचा, असं म्हणून त्यांनी मला एका मालिकेचे पाच भाग दिले. या पुस्तकांना मांगा म्हणतात. तमिळमध्ये मांगा म्हणजे कैरी, त्यामुळे मामी शेवटपर्यंत "तुझी कैरी आण" असंच म्हणत राहिल्या.

आता वाचून दाखवण्याची माझी पद्धत सांगायला हवी, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. दुभाष्याचा पहिला नियम असा, की बोलणारा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. "साहेब म्हणतात की" असली शेपटी लावायची नाही. त्यामुळे मी चोवीस वर्षांची मुलगी भर कँटीनमध्ये "माझा गुडघा दुखतो आणि मला तिखट चालत नाही, मी सत्तावन्न वर्षांचा आहे" असं बिनदिक्कत सांगायचे. दुसरा नियम त्याहून मोठा. पदरचं काही घालायचं नाही. एक शब्दही नाही. आमच्या बाईंनी पुण्यात हे आमच्या डोक्यात हातोडीनं ठोकलं होतं.

तसंच मी मामींना वाचून दाखवत असे. कंपनीची बस साडेसहाला सोडायची. दिवा लावून झाला की मामी पाटावर बसायच्या, मी शेजारी. बसवाला बोलला की मी बसवाला, पोटातला तो जीव बोलला की मी तो जीव. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे त्यांना दोन दिवसांत उमगलं. मला शिकायला महिना लागला होता.

गोष्ट साधी होती. समुद्राकाठच्या गावात बस चालवणारा एक पस्तिशीचा ब्रह्मचारी. पेरूएवढा एक मऊ जीव त्याच्या पोटात, बेंबीच्या डाव्या अंगाला, येऊन राहतो. बसवाला आधी घाबरतो, मग चिडतो, मग काढून टाकायला निघतो. तो जीव आतून नम्रपणे म्हणतो, "काढायचं असेल तर सांगा. तुम्हाला दुखणार नाही असा मी निघेन." बसवाला म्हणतो, उद्या. उद्या त्याची पाळी असते, परवा पाऊस असतो, तेरवा गावची जत्रा.

"उद्या काढतों, उद्या काढतों म्हणणारा कोणी काढत नाही," मामी म्हणाल्या. "बिऱ्हाडकरू असाच राहतो."

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पण मला कळलं.

त्यांना त्या जिवाची फार काळजी. बसवाल्याचं काय, तो घोडा झालेला. पण हा आत अंधारात. तो काय खातो, हा रोजचा प्रश्न.

"तो कांदा खातो कां?"

"बसवाला खातो ना, मामी. मग त्याला खावाच लागतो."

"पावम्," त्या हळहळल्या. बिचारा, म्हणजे. "कोणाच्या पोटांत जन्म काढायचा, आणि तो खाईल तें खायचं."

तिसऱ्या भागात बसवाल्याला ताप येतो. एरवी हा जीव अखंड बडबड्या, हे काय, ते काय, घंटा का वाजते, बाई का रडते. पण त्या रात्री यजमानाला झोप लागावी म्हणून तो गप्प राहतो. नऊ पानं एकही अक्षर नाही. नुसती चित्रं: पांघरूण, खिडकी, पाण्याचा पेला, पोटावर ठेवलेला हात. मी भराभर पानं उलटली.

"वाच," मामी म्हणाल्या.

"काही लिहिलेलंच नाही."

"मग थांब. तो गप्प आहे तेवढा वेळ आपणही थांबूं."

आम्ही थांबलो. त्या एकेक पान नीट बघत होत्या, चित्रावर बोट फिरवत होत्या. जपानी येणाऱ्या बाईला जे दिसलं नव्हतं ते न येणाऱ्या बाईला दिसत होतं. नवव्या पानावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "असं कोणी गप्प बसावं आपल्यासाठी." मला माझी लाज वाटली, आणि मामींवर माया आली ती तेव्हापासून.

पाचवा भाग सुरू केला त्या आठवड्यात मामी स्वयंपाकघरात पडल्या. कॉफीचं पाणी ओतताना चक्कर आली. मी धावले तेव्हा त्या डोळे उघडत होत्या आणि पहिलं काय विचारलं, तर "तू आंघोळ केलीस कां?" दोन दिवसांनी पुन्हा तेच. अक्कानं रजा टाकली, डॉक्टर झाले, ईसीजीच्या पट्ट्या काढून झाल्या. हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. डॉक्टर म्हणाले पेसमेकर बसवायचा, लवकर बसवायचा. काडेपेटीएवढं यंत्र, गळ्याखाली डाव्या बाजूला कातडीच्या आत. नाही बसवलं तर एखाद्या दिवशी पडाल आणि उठणार नाही.

मामी म्हणाल्या, नको.

कारण विचारलं तर रोज नवं. कुणाकुणाचे हात लागलेले असतील त्याला. सोवळ्यात कसं चालेल. बॅटरी म्हणजे ट्रान्झिस्टर कां मी. देवाच्या पूजेला बसायचं आणि छातीत कारखाना. अक्का रडली, ओरडली, तमिळमध्ये बोलली, इंग्रजीत बोलली, जेवणार नाही म्हणाली. मामींनी तिला दहीभात वाढला आणि नको म्हणाल्या.

रविवारी जाताना अक्कानं मला जिन्यात गाठलं. तिचं मराठी तोडकंमोडकं. "तू सांग अम्माला. तुझं ऐकती. त्या बुकांतून काय तरी सांग."

माझ्या डोक्यात दिवा लागला, आणि तो विझवण्याइतकी अक्कल मला नव्हती.

सोमवारी मी पाचवा भाग उघडला. खरं पान काय होतं, तर बसवाला संपामुळे घरी आहे आणि रिकामा वेळ म्हणून बस धुतोय. मी वाचू लागले. बसवाल्याला छातीत कळ येते. तो जिन्यावर कोसळतो. तेव्हा पोटातला तो जीव हळूहळू वर सरकतो, हृदयाशी जाऊन बसतो आणि टकटक करतो. "मी इथेच राहीन," मी त्याच्या आवाजात म्हटलं, "तुमचं हृदय थांबलं की मी ते चालू करीन. मला घाबरू नका." माझा मलाच गहिवर आला. काय सुरेख जमलं, असं वाटलं.

मामींनी पानावर बोट ठेवलं.

"इथं तो बस धूत आहे."

मी पान उलटायला गेले. त्यांनी बोट उचललं नाही.

"हा फडका. ही बादली. कोठें पडला तो?"

"मामी, ते पुढे..."

"पुढे पण बघितलं मी. दुपारीच बघून ठेवतें मी सगळीं पानं. नंतर तुझ्याकडून ऐकतें." त्यांनी पुस्तक मिटलं. आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं. "तो कधी खोटं बोलला नाही, गे. पाच पुस्तकांत एकदा नाही. तूं त्याच्या तोंडांतून बोललीस."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण झाकून ठेवलेलं असे, गरम असे, मीठही नीट असे. मला एक घास गोड लागला नाही. चोरी पकडली गेली याचं दुःख कमी होतं. खरं दुःख हे, की आमच्या बाईंचा नियम मी मोडला तो माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास टाकणाऱ्या माणसापुढे. आणि त्या दोन दिवसांत मामी पुन्हा पडल्या तर, या भीतीनं मी रात्रीही माझी खोली उघडी ठेवून झोपले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाटाशेजारी जाऊन बसले. पुस्तक नेलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हूं."

"पुन्हा नाही करणार. पण मामी, तुम्हीही खरं सांगत नाही. सोवळ्याचं कारण खोटं आहे. तुम्ही बॅटरीच्या घड्याळावर ब्राह्ममुहूर्त बघता."

त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग सांगितलं. यजमान आजारी पडले तेव्हा शेवटी श्वासाचं यंत्र लावलं होतं. वीस दिवस. यंत्र छाती वरखाली करायचं. माणूस केव्हाच निघाला होता, असं मामींना वाटायचं, दाराशी उभा होता, पण कुणी सोडत नव्हतं. "त्यांचे पाय थंड होते, आणि छाती हलत होती. वीस दिवस मी पाय चोळले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी वेळ आली, मी निघालें, आणि ह्या यंत्रानं मला धरून ठेवलं तर? तें बॅटरीचं. त्याला काय समजतें, कोण निघालं, कोण राहिलं?"

"मग हे डॉक्टरना विचारलं का नाही तुम्ही?"

"ती बाजूला बसलेली असते ना." ती म्हणजे अक्का. "तिनंच सही केली होती तेव्हा. तिला अप्पा सोडवेनात. आता मी तिच्यासमोर असं विचारलं तर तिला काय वाटेल? आयुष्यभर तेंच घेऊन बसेल."

म्हणजे लेकीचं मन जपायला ही बाई मरायला तयार होती. मला इतका राग आला की मी उठून पाणी प्यायले. मग परत येऊन त्यांचा हात धरला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि आम्ही दोघीच रिक्षानं डॉक्टरांकडे गेलो. मामींना तमिळ उत्तम येत होतं. पण तिथे बसल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पदराचं टोक पिळत बसल्या. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत पुटपुटल्या. मी सवयीनं त्याचं इंग्रजी केलं, जसंच्या तसं.

"मी मरायला लागेन तेव्हा हे मला धरून ठेवेल का?"

डॉक्टरांनी दचकून माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षांची पोरगी त्यांना हे विचारत होती. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मामींकडे वळले. तमिळमध्ये बोलायचं सोडून, का कोण जाणे, तेही माझ्यामार्फतच इंग्रजीत बोलले. सावकाश बोलले. मी ऐकून घेतलं आणि मामींना सांगू लागले. नियमानं मी डॉक्टर व्हायला हवं होतं. पण डॉक्टर त्या यंत्राबद्दल बोलत होते, आणि माझ्या तोंडून आलं ते असं:

"मी फक्त हाक मारतो. तुमचं हृदय विसरलं की त्याला हाक मारतो, आणि ते ओ देतं. पण ते थकलं आणि त्यानं ओ द्यायची नाही असं ठरवलं, तर मी काही करू शकत नाही. मी हाका मारत राहीन. तुम्ही खुशाल जा."

इथे मी "तो" च्या जागी "मी" घातला, आणि "खुशाल जा" हे डॉक्टरांचं नव्हतं. ते मी घातलं. मामींना इंग्रजी बरंच कळायचं, त्यांनी मूळचंही ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं.

"सरी," त्या म्हणाल्या. बरं. "येऊं दे त्याला."

पुढच्या आठवड्यात तो आला. अक्काला वाटलं माझ्या पुस्तकानं जादू केली, आणि मी तिला तसं वाटू दिलं. टाके निघाल्यावर पहिल्याच दिवशी मामींनी भाताच्या पहिल्या घासाला छातीवर हात ठेवून विचारलं, "चालेल ना रे, कांदा नाही यांत." पुढे तो रिवाजच झाला. आधी कावळा, मग तो, मग मामी. माझा नंबर चौथा.

सहावा भाग साहेबांच्या बायकोनं पाठवला, तो शेवटचा. त्यात बसवाल्याचं लग्न ठरतं आणि बायकोला पोटातल्या पाहुण्याबद्दल कसं सांगावं या घोळातच पुस्तक संपतं. मरण नाही, निरोप नाही. मामी संतापल्या. "इतकीं पुस्तकं लिहून हा शेवट? त्याचं पुढें काय झालं, हें कोण सांगणार?" मी साहेबांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी दोन हजार सहाला पुण्याला परतले. मामींचा फोन महिन्यातून एकदा यायचा. पहिली चौकशी माझी, मग "तो बरा आहे" असं त्याचं वर्तमान. मला आईच्या फोनपेक्षा त्या फोनची ओढ जास्त होती, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांनी एका दुपारी अक्काचा फोन आला. सकाळी मामी गेल्या. पूजा करून आडव्या झाल्या होत्या, तशाच. घरचे डॉक्टर आले, नाडी बघितली. दहनाआधी ते यंत्र काढावं लागतं, आगीत फुटतं म्हणे, तर ते काढायला माणूस यायचा होता.

"तू ऐकती ना?" अक्का म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता, पण ती मराठीतच बोलत होती, शब्द शोधत शोधत. "अम्मानं मला सगळं सांगितलं होतं. मागच्या वर्षी. अप्पांचं पण. रागावली नाही. फक्त म्हणाली, मी गेल्यावर तो हाका मारत राहील. पावम्, त्याला ठावें नाही ना. कोणी तरी त्याला सांगायला पाहिजे. तूंच सांग त्याला, मला म्हणाली. दुसऱ्या कोणाला सांगायला लावूं नको."



"अप्पांच्या वेळी मला पुरे नाही म्हणता आलं," अक्का म्हणाली. "आज मी अम्माच्या छातीवर हात ठेवला. अत्ता पुरे म्हण्टलं. अम्मा गेली, तुझी चूक नाही, पुरे. मीच म्हण्टलं."